पगार वेळेवर, पण किती?

पहाडगंजातल्या हॉटेलांकडे बोट दाखवून दुबईचे गोडवे गाणारा एक युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो. नवी दिल्ली स्टेशनासमोरच्या या गल्ल्यांत वेटरला पगार रोख, उशिरा आणि पावतीविना मिळतो. दुबईत तो तारखेला खात्यात पडतो. म्हणून आखातात जाणाऱ्या मजुरासाठी भारत सरकारने ठरवलेली किमान वेतने आणि ईसीआर (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या) पासपोर्टच्या परवानग्या मोडीत काढा, असा त्याचा निष्कर्ष. यातला दुबईचा भाग खरा आहे. संयुक्त अरब अमिरातीत 2009 पासून पगार सरकारदरबारी नोंदला जाईल अशा रीतीने बँक किंवा एक्स्चेंजमार्फत द्यावा लागतो आणि तो थकवणाऱ्या कंपनीचे नवे वर्क परमिट अडते. ही शिस्त आपल्याकडे यायलाच हवी. पण ती यंत्रणा करारातला आकडा पोचला की नाही एवढेच पाहते. आकडा न्याय्य आहे का, हे तिला विचारताच येत नाही.

खरी गोम बेसिकमध्ये, म्हणजे भत्ते वगळून उरणाऱ्या मूळ पगारात आहे. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्याने ग्रॅच्युइटी आणि ओव्हरटाइम बेसिकवर बांधले, पण एकूण पगारात बेसिक किती असावे हे ठरवले नाही. समजा, 1500 दिरहमच्या करारात बेसिक 600 आणि बाकीचे भत्ते. पहिली पाच वर्षे ग्रॅच्युइटी वर्षाला 21 दिवसांच्या बेसिकची, म्हणजे 420 दिरहम. पाच वर्षांनी हाती 2100. सगळा पगार बेसिक असता तर 5250 मिळाले असते. ओव्हरटाइम बेसिकच्या सव्वापट, म्हणजे आठ तासांच्या दिवसाच्या हिशेबाने तासाला जेमतेम तीन दिरहम. ग्रॅच्युइटी आणि ओव्हरटाइममधले मजुराचे निम्म्याहून जास्त पैसे गेले आणि मालकाने एकही नियम मोडला नाही! आपल्याकडे 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत भत्ते निम्म्यापलीकडे गेले की वरची रक्कम वेतनातच धरली जाते आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतन एप्रिल 2025 मध्ये महिना 18,456 रुपये ठरले. अमिरातीत परदेशी मजुरासाठी असा आकडाच नाही. पहाडगंजातल्या वेटरला हे मिळत नसेल, तर तपासणी कडक करा. न पाळलेला कायदा हा कायदाच नको म्हणण्याचा आधार कसा होतो?

'मजूर राजीखुशीने सही करतो' हा आक्षेप तर याच दिल्लीत कधीच निकाली निघाला आहे. आशियाई खेळांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये किमान वेतनाहून कमी मोबदल्यातले काम हे घटनेच्या कलम 23 खालचे सक्तीचे श्रम ठरवले. गरज ही सक्तीच असते, हे तेव्हापासून ठाऊक असताना तोच मुद्दा नव्या शब्दांत पुन्हा मांडला जातो. 'मजुरी कमी केली तर नोकऱ्या टिकतील' हाही त्यातलाच. याच कारणासाठी सप्टेंबर 2020 मध्ये भारत सरकारने आखातासाठीची किमान वेतने 30 ते 50 टक्क्यांनी उतरवली आणि 2021 मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला.

किमान वेतन ठेवावेच, शिवाय भारतातून मंजूर होणाऱ्या प्रत्येक करारात बेसिक निम्म्याहून कमी नसावे. कतारने मार्च 2021 पासून सर्वांना 1000 रियाल किमान बेसिक दिले, तेव्हा आखातात हे अशक्य नाही. आणि जाणाऱ्यांनो, एजंटाने करार पुढे केला की एकूण पगाराआधी बेसिकचा आकडा वाचा. ती जागा कोरी असेल तर सही करू नका.