हाली की कळदार?

आमचे आजोबा निजामाच्या अमदानीत महसूल खात्यात कारकून होते. कोणाच्या पगाराचा आकडा कानी पडला की ते प्रथम विचारीत, "हाली की कळदार?" संस्थानचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कळदार यांचा भाव साधारणतः सातास सहा असे, ७० हाली म्हणजे ६० कळदार. हाली नाणे १९५९ साली व्यवहारातून कायमचे गेले आणि त्याबरोबर आजोबांचा प्रश्नही गेला, असे आम्ही समजत होतो. गेल्या पावसाळ्यात तो विचारावयास हवा होता, आणि आम्ही विचारला नाही.

आमचे एक स्नेही, मराठीचे शिक्षक, दोन वर्षांपूर्वी निवर्तले. हैदराबादच्या मराठी घरांतून बोलले जाणारे शब्द त्यांनी बारा वर्षे जमविले होते. गिरदावर, पेशकार, मुंतखब अशा कचेरीच्या शब्दांपासून थेट माजघरातील शब्दांपर्यंत. एके दिवशी वहिनी रुमालात गुंडाळलेली वस्तू घेऊन आल्या. "भाऊजी, ह्यांचं सगळं यातच आहे. काही निघतंय का बघा." ती ४० गिगाबाइटची, काठोकाठ भरलेली जुनी हार्ड डिस्क होती. तिची जोडणी आयडीई धर्तीची, म्हणजे रुंद पट्टीसारखी वायर लागणारी. आजच्या संगणकांत ती खाच उरलेली नाही.

सिकंदराबादेस पार्कलेनवरील एका दुकानात तिला यूएसबीशी जोडणारा दुवा मिळाला. दुकानदार म्हणाला, "हौ साब, चार सौ अस्सी की स्पीड है. दस-पंद्रा मिनट में हो जाता." आम्ही मनातल्या मनात ४०,००० मेगाबाइटना ४८० ने भागले. त्र्याऐंशी सेकंद! दुकानदार सावधपणे बोलतो आहे, असे वाटून आम्हांस हसूही आले.

रविवारी शाळेतील जुन्या संगणकाला ती डिस्क लावली आणि सगळेच उतरवून घेण्याची आज्ञा दिली. तासाभराने पाहतो तो पडद्यावरील पट्टी दहावा हिस्साही सरकलेली नाही. त्यातच डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला. जुन्या डिस्कचा हा आवाज म्हणजे आजाऱ्याला लागलेली घरघरच.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. ४८० हा आकडा मेगाबिटांचा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून कागदावर सेकंदाला ६० मेगाबाइट. शिवाय यंत्रांच्या आपापसांतील निरोपानिरोपीत बराच वेग खर्ची पडतो, तेव्हा पदरात तीस-पस्तीसच. पण तोही भाव नव्या यूएसबीचा, म्हणजे २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा. आमच्या संगणकाची खाच त्याआधीची, १२ मेगाबिटांची. आठाने भागता दीड मेगाबाइट आणि प्रत्यक्षात जेमतेम एक. म्हणजे सगळी डिस्क उतरवण्यास अकरा तास! गंमत अशी की, आयडीईचे ३३, ६६, १००, १३३ हे आकडे मेगाबाइटांतच सांगितले जातात, आणि तिची जागा घेणाऱ्या साटाचा दीड गिगाबिट हा आकडा बिटांत. तेथे तर आठानेही भागून चालत नाही. तारेवरून जाताना दर आठ बिटांचे दहा केले जातात, म्हणून दहाने भागावे, उत्तर १५०. आजोबांच्या भाषेत हा बट्टा. जोडणीवर १३३ असो वा १५०, आमच्या डिस्कच्या वयाची तबकडी स्वतः चाळीस-पन्नासाच्या पुढे क्वचितच वाचते, ही गोष्ट निराळीच.

(आमच्याच शहरातील ईसीआयएलच्या 'टीडीसी-१२' संगणकाचा शब्द १२ बिटांचा होता आणि पुढील 'टीडीसी-३१६' चा १६ बिटांचा. आकड्याआधी माप विचारावे, हे या गावाला नवे नव्हते. आम्हीच विसरलो.)

अकरा तास ती डिस्क जगेल असे दिसेना. बंद करून नव्या संगणकापाशी न्यावी, तर पुन्हा सुरू होईल याची शाश्वती नव्हती. संगणक इंग्रजी वर्णक्रमाने चालला होता, म्हणजे 'लग्न' आधी आणि 'शब्द' मागाहून; आणि मुलीच्या लग्नाचे चित्रण एकटेच तीस गिगाबाइटांचे. आम्ही काम थांबविले. शब्दसंग्रहाचा कप्पा ३०० मेगाबाइटांचा होता, म्हणजे पाच मिनिटांचा. तो आधी उतरविला. नंतर घरातील छायाचित्रे, पाऊण तास. मग लग्न पुन्हा सुरू केले. दुपारी तीनच्या सुमारास टकटक थांबली आणि डिस्कही थांबली. सप्तपदीपुढचे काही हाती आले नाही. दुकानातून येतानाच भागाकार नीट केला असता, तर सोमवारी कार्यालयातील नव्या संगणकावर वीस-पंचवीस मिनिटांत सगळे निघण्याची आशा होती.

हे सांगण्यास आम्ही स्वतः काचीगुड्यास गेलो. वहिनींनी ऐकून घेतले, चहा ठेवला आणि आतूनच विचारले, "शब्द निघाले ना?"

शब्द निघाले आहेत. मात्र ते युनिकोडपूर्व काळच्या टंकात असल्याने पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. छापील नमुना शेजारी ठेवून रोज दोन पाने सोडवीत आहोत. सध्या 'ग' चालू आहे.