स्टॅटिन सोसत नाही म्हणून उपचार थांबत नाही

स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःच बंद केलेल्या माणसाला दोन सल्लागार हमखास भेटतात. पहिला म्हणतो, "बरं केलंत, विषच होतं ते. रोज उपाशीपोटी लसणीच्या दोन पाकळ्या चावा, दालचिनीचं पाणी प्या, तीन महिन्यांत रिपोर्ट नॉर्मल." दुसरा दवाखान्यात बसलेला असतो. मान वर न करता तो सांगतो, "या गोळीनं कुणाचे पाय दुखत नसतात. तुमच्या मनाचे खेळ आहेत." या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, पण दोघांच्या बोलण्याचा परिणाम मात्र एकच होतो: वाढलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, घेऊन माणूस घरी बसतो आणि रक्तवाहिन्यांत थर साचत राहतो. मला दोघांशीही भांडायचं आहे.

आधी दवाखान्यातल्याशी. त्याच्या हाताशी पुरावा आहे आणि तो खराही आहे. 2022 साली स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून तपासली गेली. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी 27.1 टक्के लोकांनी स्नायूंच्या दुखण्याची किंवा अशक्तपणाची तक्रार केली होती. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 26.6 टक्के लोकांनी. म्हणजे दहातल्या नऊहून अधिक तक्रारींचं कारण स्टॅटिन नव्हतं. त्याआधी, 2020 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं केलेला प्रयोग तर फारच बोलका आहे. त्रास झाला म्हणून गोळी सोडून दिलेली साठ माणसं त्यांनी निवडली. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या, दर महिन्याला एक: चार बाटल्यांत 20 मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिन, चारांत हुबेहूब तशीच दिसणारी खोटी गोळी आणि चार बाटल्या रिकाम्या. रोज प्रत्येकानं आपला त्रास शून्य ते शंभर या मापात फोनवर नोंदवायचा. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी आली 8, खोट्या गोळीच्या महिन्यांत 15.4 आणि खऱ्या गोळीच्या महिन्यांत 16.3.

हे आकडे पुढे करून रुग्णाला "मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांनी ते नीट वाचलेले नाहीत, असं माझं म्हणणं आहे. 8 वरून 15 वर गेलेला त्रास त्या माणसांनी खरोखरच भोगला होता. गोळी घेतली की दुखणार या धास्तीनं शरीर खरंच दुखतं. मांड्या भरून येतात, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. दुखणं खरं, त्याचं कारण वेगळं, इतकाच त्या प्रयोगाचा अर्थ. आणि त्या प्रयोगाचा सर्वांत मोलाचा भाग कुणी सांगतच नाही. आपल्याच नोंदींचे आलेख डोळ्यांपुढे ठेवल्यावर त्या साठांपैकी तीस जणांनी सहा महिन्यांच्या आत गोळी पुन्हा सुरू केली. दरडावून सुरू केली नव्हती, त्यांना दाखवून, समजावून सांगितल्यावर केली होती.

शिवाय उरलेली माणसं आहेतच. मोजक्यांना का होईना, स्टॅटिननं स्नायूंचा खरा त्रास होतो. तो बहुधा दोन्ही बाजूंना सारखा, मांड्या, कंबर, पोटऱ्या अशा मोठ्या स्नायूंत आणि गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर थोड्या आठवड्यांतच सुरू होतो. एकच गुडघा दुखत असेल तर दोष बिचाऱ्या गोळीला देऊ नये. पण अंग मोडून पडल्यासारखं वाटतंय आणि लघवी काळपट होतेय, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. बाकीच्यांच्या बाबतीत चार गोष्टी तपासल्याशिवाय "स्टॅटिन सोसत नाही" हा शिक्का मारणं हा आळस आहे. स्नायूंना इजा झाली की वाढणारं रक्तातलं सीके किती आहे? थायरॉइड मंद आहे का? मंद थायरॉइडनं स्नायू दुखतात आणि एलडीएलही वाढतं. आपल्याकडे पन्नाशीच्या आसपासच्या कितीतरी बायकांच्या बाबतीत मूळ दुखणं तिथेच सापडतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक किंवा इट्राकोनाझोलसारखं बुरशीवरचं औषध सोबत चालू होतं का? नायट्याच्या गोळ्या लोक औषधाच्या दुकानातून परस्पर आणून खातात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. हे सगळं पाहून, दोन-चार आठवडे गोळी थांबवून, मग दुसरं स्टॅटिन अगदी कमी मात्रेत देऊन बघावं. रोसुव्हास्टॅटिन 5 मिलिग्रॅम एक दिवसाआडही चालतं, कारण ते शरीरात बराच वेळ टिकतं. मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल जेमतेम 6 टक्के जास्त उतरतं, म्हणजे खरं काम पहिल्या छोट्या मात्रेतच झालेलं असतं. 40 मिलिग्रॅम सोसलं नाही म्हणून 5 मिलिग्रॅमही नाकारणारा माणूस आपलाच मोठा फायदा सोडून देतो.

आता पहिल्या सल्लागाराकडे वळतो. हा जास्त गोड बोलतो, म्हणून जास्त धोक्याचा.

त्याचा मुख्य मुद्दा असा की गोळी म्हणजे रसायन आणि पूरक म्हणजे निसर्ग. स्टॅटिनचा जन्म कुठे झाला हे त्याला माहीत नसावं. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञानं 1970च्या दशकात हजारो बुरश्या तपासल्या, त्यातल्या एका तांदळावरच्या हिरव्यानिळ्या बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन सापडलं. 1987 साली अमेरिकेत बाजारात आलेलं लोव्हास्टॅटिनही बुरशीतूनच निघालं. "नैसर्गिक पर्याय" म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड यीस्ट राइस या लाल तांदळाच्या कॅप्सूलमध्ये मोनॅकोलिन-के नावाचा जो घटक असतो, तो आणि लोव्हास्टॅटिन रासायनिकदृष्ट्या एकच. स्टॅटिनला घाबरून पळालेला माणूस दुसऱ्या दारानं स्टॅटिनच घेतो, फक्त आता त्याची मात्रा किती हे कुणालाच ठाऊक नसतं. काही मालात ते नावापुरतं, काहींत भरपूर, आणि सोबत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विष असण्याचीही शक्यता. युरोपीय संघानं 2022 साली या घटकाची दैनंदिन मात्रा 3 मिलिग्रॅमच्या आत आणली ती उगाच नाही. 2024 साली जपानमध्ये अशाच लाल तांदळाच्या गोळ्यांनी लोकांची मूत्रपिंडं बिघडली आणि सगळा माल परत मागवावा लागला.

लसूण, हळद, दालचिनी यांचा निकाल 2022 सालीच लागला आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं माणसांचे आठ गट केले. एकाला रोसुव्हास्टॅटिन 5 मिलिग्रॅम, एकाला खोटी गोळी, बाकी सहा गटांना माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल आणि लाल तांदूळ. 28 दिवसांनी स्टॅटिनच्या गटाचं एलडीएल सुमारे 38 टक्क्यांनी उतरलेलं होतं. सहांपैकी एकाही पूरकाला खोट्या गोळीवर मात करता आली नाही. लसणीच्या गटात तर एलडीएल थोडं वाढलंच. यावर आक्षेप येतो की पैसा रोसुव्हास्टॅटिनच्या कंपनीचा होता आणि 28 दिवस फार थोडे. आक्षेप रास्त आहे. पण मग लसणीच्या कॅप्सूल विकणाऱ्यांनी स्वतःच्या पैशानं सहा महिन्यांची चाचणी करून दाखवावी. त्यांना अडवलंय कुणी? रोजच्या फोडणीत लसूण आणि हळद जरूर घालावी, चवीसाठी. औषध म्हणून त्यांच्यावर विसंबू नये.

गुग्गुळाची गोष्ट मला जास्त लागते, कारण ती आपल्या मातीतली आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं गुग्गुळापासून औषध तयार केलं आणि भारतातल्या अभ्यासांत त्याचा गुणही दिसला होता. मग 2003 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं 103 माणसांवर आठ आठवडे खोट्या गोळीशी तुलना करून पाहिलं. गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल 4 ते 5 टक्क्यांनी वाढलं, न घेणाऱ्यांचं 5 टक्क्यांनी कमी झालं आणि गुग्गुळाच्या गटात काहींच्या अंगावर पुरळ उठलं. आपल्या परंपरेचा मान राखायचा असेल तर हा निकाल झाकून ठेवून चालणार नाही. त्याहून मोठी चाचणी आपणच केली पाहिजे.

नायसिन या जीवनसत्त्वाचं तर बोलायलाच नको. मोठ्या चाचण्यांत त्यानं आकडे सुधारले, हृदयविकार मात्र टळले नाहीत आणि साखर वाढली.

एवढं खंडन केल्यावर वाचक म्हणेल, मग स्वयंपाकघराच्या हाती काहीच नाही? आहे, आणि चांगलं भरपूर आहे. फक्त ते बाटलीत भरून मिळत नाही.

इसबगोलच घ्या. गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून जगभर जाणारा हा भुसा आपल्या घरी बद्धकोष्ठाच्या डब्यात पडून असतो. पेलाभर पाण्यात मोठा चमचाभर टाकून दोन मिनिटं थांबा, चमचा उभा राहील इतकं ते घट्ट होतं. हाच बुळबुळीतपणा आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतो आणि मलावाटे बाहेर नेतो. यकृताला नवं पित्त बनवायला कोलेस्टेरॉल लागतं, ते यकृत रक्तातून ओढून घेतं आणि एलडीएल उतरतं. रोज सुमारे 10 ग्रॅम, दोन वेळांत विभागून, भरपूर पाण्यासोबत, घेतलं तर 7 टक्क्यांच्या आसपास घट मिळते. थायरॉइडची किंवा दुसरी कोणतीही गोळी मात्र त्याच्यासोबत घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर इसबगोल तिलाही धरून बसतं.

ओट्स आणि जवातल्या बीटा-ग्लुकनचं काम असंच चालतं. दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर 5 टक्क्यांच्या पुढे फरक पडतो. रोज वाटीभर उसळ किंवा डाळ खाणाऱ्यांच्या चाचण्यांतही 5 टक्क्यांच्या आसपास घट सापडली आहे. मटकी, चवळी, हरभरा, कुळीथ, काहीही चालेल, वर तेलाचा तवंग नको. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी हे सगळं एकत्र आणलं: चिकट तंतू, सोयाबीन, बदाम आणि वनस्पती स्टेरॉल. त्यांच्या यादीत चक्क भेंडी आणि वांगी आहेत. ज्या भेंडीची तार आपल्या सुना-लेकी लिंबू पिळून घालवतात, तीच तार इथे कामाची. 2003 साली त्यांनी माणसांना सगळं अन्न स्वतः पुरवून चार आठवडे हा आहार दिला. एलडीएल 28.6 टक्क्यांनी उतरलं. लोव्हास्टॅटिनच्या गटात उतरलं 30.9 टक्क्यांनी. आहाराचे भक्त हा आकडा मोठ्यानं सांगतात. 2011 साली त्याच जेन्किन्स यांनी लोकांना नुसता सल्ला देऊन त्यांच्याच घरी सहा महिने बघितलं, तेव्हा घट 13-14 टक्क्यांवर आली, हे मात्र कुणी सांगत नाही. घरात लग्न निघतं, गणपती येतात, फराळ होतो. 13 टक्के हीच खरी कमाई, आणि ती लहान मुळीच नाही.

तिला आणखी जोड मिळते ती स्निग्ध पदार्थ बदलल्यानं. "साजूक तुपानं कोलेस्टेरॉल वाढतच नाही" असं आजकाल फार जोरात सांगितलं जातं. तुपात साठ टक्क्यांहून अधिक संपृक्त स्निग्धांश असतो, खोबरेल तेलात नव्वदच्या आसपास, आणि खोबरेलानं एलडीएल वाढतं हे चाचण्या एकत्र करून दाखवलेलं आहे. वरणभातावर चमचाभर तूप कुणी काढून घेत नाही. पण स्टॅटिन बंद आहे आणि घरात तूप सढळ आहे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. चालण्याच्या व्यायामाबद्दलही खोटी आशा नको: त्यानं साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड सुधारतात, एलडीएल फारसं हलत नाही. चालायचं ते त्या इतर फायद्यांसाठी.

आता साधा हिशेब मांडतो, कारण सगळा वाद इथेच मिटतो. समजा, एलडीएल 160 आहे. स्वयंपाकघरानं 15 टक्के उतरवलं, राहिलं 136. एझेटिमाइब ही आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू न देणारी गोळी आणखी 20 टक्के उतरवते, राहिलं 109. बेम्पेडोइक ॲसिड यकृतात गेल्यावरच कामाला लागतं, स्नायूंत ते जागंच होत नाही, म्हणून स्टॅटिन न सोसणाऱ्यांना ते देता येतं. त्यानं आणखी वीसेक टक्के गेले की राहतं 87. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे चौदा हजार लोकांवर या औषधाची चाचणी होऊन 2023 साली निकाल आला: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना 13 टक्क्यांनी कमी झाल्या. युरिक ॲसिड वाढतं, पित्ताशयात खडे होण्याचं प्रमाणही थोडं वाढतं, म्हणून गाऊट असलेल्यानं जपून. दोन्ही गोळ्या भारतात मिळतात. ज्याला अजून हृदयविकार नाही, त्याचं 87वर बहुधा भागेल. ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे त्याला 55च्या खाली जायचं असतं, त्याला पीसीएसके9 हे प्रथिन अडवणाऱ्या इंजेक्शनांचा विचार करावा लागेल. त्याला "आधी तीन महिने पथ्य करून बघू" असं सांगणं म्हणजे त्याचे तीन महिने वाया घालवणं. पथ्य आणि औषध त्याच दिवशी सोबत सुरू झालं पाहिजे.

आणि हा हिशेब कागदावर राहता कामा नये. जे काही सुरू कराल, गोळी असो की इसबगोल, त्याच्या आधी एक लिपिड प्रोफाइल आणि सहा ते आठ आठवड्यांनी दुसरं, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. आकडा हलला नसेल तर ते बंद. पूरकांच्या बाटल्या विकणारा हा दुसरा रिपोर्ट कधीच मागत नाही, यावरून त्याची पारख करावी.

एक माणूस मात्र या सगळ्या आहारचर्चेत बसत नाही. ज्याचं एलडीएल 190च्या वर आहे आणि ज्याच्या वडिलांना किंवा काकांना चाळिशी-पंचेचाळिशीत झटका आला होता, त्याचा दोष बहुधा जन्मजात असतो, त्याच्या यकृतावर एलडीएल ओढून घेणारे ग्राहीच कमी असतात. अडीचशे-तीनशे माणसांत असा एक असतो. भेंडी, उसळ, इसबगोल त्यानंही खावं, पण त्याला औषधांवाचून गत्यंतर नाही. स्टॅटिन खरंच सोसत नसेल तर एझेटिमाइब, बेम्पेडोइक ॲसिड, इंजेक्शन, जे लागेल ते, तज्ज्ञाच्या सल्ल्यानं. आणि त्याच आठवड्यात त्याच्या भावंडांचं नि मुलांचंही रक्त तपासून घ्यावं, मूल दहा वर्षांचं असलं तरी.