मोत्सेत्स: बाळाची गरज की आपली सोय?

आपल्या वयाच्या बायकांचा सध्याचा मुख्य उद्योग म्हणजे नातवंडे सांभाळणे. आणि जिथे नातवंड आले तिथे मोत्सेत्स आला. सोफ्याच्या फटीत एक, पर्समध्ये एक, गाडीत एक, आणि तरी नेमका हवा तेव्हा एकही सापडत नाही. या एवढ्याशा रबरी वस्तूवरून सासू-सुनांत आणि मायलेकींत जितके खटके उडतात तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच उडत असतील. एक आजी म्हणते, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती, काढून टाक ते बूच." दुसरी आजी मुलाने नुसते कुंई केले की त्याच्या तोंडात मोत्सेत्स कोंबून मोकळी होते. माझ्या मते दोघींचेही चुकते. कसे, ते सांगते.

पहिल्या आजीपासून सुरुवात करू. चोखणे ही वाईट सवय नव्हे. मूल आईच्या पोटात असतानाच अंगठा चोखू लागते, हे आता सोनोग्राफीत दिसते. भूक नसतानाही तान्ह्या बाळाला चोखावेसे वाटते, कारण त्याने त्याचा जीव शांत होतो. मी बरीच वर्षे पगियात, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात, काम केले. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे जुळवून करणे बाळाला साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमू लागते. तोपर्यंत दूध नळीने द्यावे लागते. नळीतून दूध जात असताना आम्ही त्या बाळांच्या तोंडात अंगठ्याच्या नखाएवढा मोत्सेत्स देत असू. त्याने त्यांना चोखण्याचा सराव होई आणि ती लवकर तोंडाने दूध पिऊ लागत.

आणि आपण तरी दुसरे काय करत आलो? आठव्या दिवशी ब्रित मिलाच्या वेळी गोड वाईनमध्ये बुडवलेला कापडाचा बोळा बाळाच्या ओठांना लावतात आणि रडणारे बाळ चोखू लागते. त्यात गोडव्याचाही हात असतो आणि चोखण्याचाही. रुग्णालयात बाळाच्या टाचेतून रक्त घेताना साखरेच्या पाण्याचे दोन थेंब आणि मोत्सेत्स देतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

मोत्सेत्सचा आणखी एक गुण पुष्कळ आज्यांना ठाऊक नसतो. झोपताना मोत्सेत्स घेणाऱ्या बाळांमध्ये पाळण्यातल्या अचानक मृत्यूचे प्रमाण कमी आढळते. म्हणून बाळाला निजवताना मोत्सेत्स देऊन पाहावा, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मात्र बाळ अंगावर पीत असेल तर आधी दूध नीट सुरू होऊ द्यावे, त्यासाठी तीन-चार आठवडे थांबावे. झोपेत तो तोंडातून पडला तर पुन्हा घालायची गरज नाही, आणि बाळाला नको असेल तर बळजबरी नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाळाला पाठीवरच निजवावे. आपल्या तरुणपणी पोटावर निजवण्याची पद्धत होती. 1992 पासून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी ती बंद करायला सांगितले आणि अशा मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले. "आम्ही पोटावरच निजवलं, काय झालं?" हे वाक्य तेवढे आपण आता बोलू नये.

आता दुसऱ्या आजीकडे वळते. मुलाला गप्प करण्याची सोय शोधणे हे काही आजचे नाही. मुंबईत गिरण्या चालत होत्या त्या काळी कामावर जाणाऱ्या कितीतरी आया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन जात. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. त्या आयांना दोष देण्याआधी त्यांची दिवसभराची पाळी आठवावी; घरी बाळाला घ्यायला दुसरे कोणी नसे. खडीसाखरेची पुरचुंडी आणि मधाचे बोटही त्याच कुळातले. मोत्सेत्स या सगळ्यांपेक्षा कितीतरी निरुपद्रवी आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण प्रश्न तोच आहे: शांतता कोणाला हवी आहे, बाळाला की आपल्याला?

बाळ रडते तेव्हा ते काहीतरी सांगत असते. भूक लागली आहे, लंगोट ओला झाला आहे, उकडते आहे, पोटात वारा धरला आहे, झोप आली आहे, किंवा नुसते कडेवर घ्या. आधी या सहा गोष्टी पाहाव्यात आणि मग मोत्सेत्सकडे हात न्यावा. भुकेल्या बाळाच्या तोंडात मोत्सेत्स दिला तर ते थोडा वेळ फसते आणि एक पाजणे चुकते. पहिल्या महिन्यात असे वारंवार झाले तर आईचे दूध कमी होते आणि बाळाचे वजन वाढत नाही. याच काळजीपोटी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या स्तनपानाविषयीच्या दहा सूत्रांत पूर्वी 'मोत्सेत्स देऊच नये' असे होते. 2018 साली ते सूत्र बदलले. आता आईला त्याचे धोके समजावून सांगावेत, असे म्हटले आहे. मला हा बदल पटतो. बंदी घालण्यापेक्षा समजावणे केव्हाही चांगले.

कोणी म्हणेल, आमची मुले मोत्सेत्सशिवायच वाढली. खरे आहे. पण ती चाळीत वाढली. एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर, शेजारच्या मावशीकडून आत्याकडे अशी फिरत. इथे सुनेला पगारी रजा 15 आठवड्यांची मिळते. त्यानंतर चार महिन्यांचे बाळ माओनमध्ये, मेतापेलेतकडे किंवा आपल्याकडे येते. चौथ्या मजल्यावरच्या घरात दिवसभर एकटी आजी, दुखणारे गुडघे आणि रडणारे बाळ. तिथे मोत्सेत्सचा आधार वाटला तर त्यात लाज कसली? लाज नाही, पण मर्यादा हवी.

मर्यादा का, ते आता पाहू. सहा महिन्यांनंतर मोत्सेत्सचा फायदा कमी होत जातो आणि तोटे वाढत जातात. पहिला तोटा कानाचा. सतत चोखणाऱ्या मुलांना मधल्या कानाचे दुखणे अधिक वेळा होते. फिनलंडमध्ये 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांना सहा महिन्यांनंतर मोत्सेत्स फक्त झोपेपुरता ठेवायला सांगितले, तेव्हा त्या मुलांमध्ये कानाचे आजार 29 टक्क्यांनी कमी झाले. दर महिन्याला कुपत होलीमच्या चकरा मारणाऱ्या घरांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरा तोटा दातांचा. दोन-तीन वर्षांपुढे मोत्सेत्स चालू राहिला की वरचे पुढचे दात बाहेर येतात, वरच्या आणि खालच्या दातांत फट राहते, टाळू अरुंद होते. वेळेवर सवय सुटली तर हे बहुतेक आपोआप सुधारते. चार वर्षांच्या पुढे गेले की ते टिकून राहण्याचा संभव वाढतो, आणि दात सरळ करण्याचा खर्च किती येतो ते आपल्या मुलांना विचारा.

तिसरी गोष्ट बोलण्याची. मोत्सेत्समुळे मूल उशिरा बोलते का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण तोंडात बूच असलेले मूल बडबड कशी करणार, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. आणि इथे प्रश्न फक्त मुलाचा राहत नाही. आपल्या घरात मराठी बोलणारे आता किती उरले? मुले इब्रीत बोलतात, नातवंडे तर त्याहून पुढची. एक वर्षाचे मूल दिवसभर आपल्यापाशी असते, तेव्हा चिऊ-काऊची गोष्ट, बडबडगीत, 'हे नाक, हे कान' हे सगळे मराठीत त्याच्या कानावर घालण्याची संधी आपल्याच हाती असते. त्या वेळी त्याच्या तोंडात मोत्सेत्स आणि आपल्यासमोर टीव्ही असेल तर ती संधी गेली. मुलाने 'पाणी' म्हणावे असे वाटत असेल तर आधी त्याचे तोंड मोकळे असायला हवे.

मग सोडवायचा कसा? माझा अनुभव असा की हे काम एका दिवसात उरकण्यापेक्षा पायरीपायरीने केलेले टिकते. सहा महिन्यांनंतर दिवसा जागेपणी मोत्सेत्स बंद करावा. तो पाळण्यातच ठेवावा. बाळ पाळण्यातून उठले की मोत्सेत्स तिथेच राहील. वर्षाच्या पुढे दुपारच्या झोपेचा मोत्सेत्स काढावा आणि शेवटी रात्रीचा. दोन वर्षांच्या आसपास पूर्ण सुटला तर उत्तम, तिसरे वर्ष उलटू देऊ नये. सुटल्यावर तीन-चार रात्री रडारड होते. त्या रात्री थोपटावे, अंगाई म्हणावी. वर्षाच्या पुढच्या मुलाला हातात धरायला एखादे मऊ कापड किंवा बाहुली द्यावी. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात मात्र असले काही ठेवू नये.

थोड्या मोठ्या मुलांना निरोप देण्याचा खेळ आवडतो. इथल्या घरांतून मोत्सेत्सची परी येते, मोत्सेत्स घेऊन जाते आणि उशीखाली खाऊ ठेवते. डेन्मार्कमध्ये मुले आपले मोत्सेत्स एका झाडाला टांगून येतात. अंगणातले लिंबाचे झाडसुद्धा त्यासाठी चालेल. मूल स्वतःच्या हाताने देते यात सगळे आले. हिसकावून घेतलेले मुलाच्या मनातून जात नाही.

काय करू नये, तेही स्पष्ट सांगते. मोत्सेत्सला मिरची, कोरफड, कडू औषध लावू नये. "बागुलबुवा नेईल," "तू काय तान्हं बाळ आहेस का?" असे म्हणून चारचौघांत लाजवू नये. टोक कापून ठेवू नये. तुटलेला रबराचा तुकडा घशात अडकतो. दोरीने गळ्यात बांधू नये, फास बसतो. फाटलेला, चिकट झालेला मोत्सेत्स ताबडतोब फेकावा. जमिनीवर पडला तर आपल्या तोंडात घालून 'स्वच्छ' करू नये, आपल्या किडक्या दातांचे जंतू बाळाला कशाला? साबण-पाण्याने धुवावा, पहिले सहा महिने रोज उकळावा. मध, साखर, सिलान काही लावू नये. त्यातही मध तर एक वर्षाच्या आत मुळीच नको, मग तो गावाकडचा शुद्ध असो की दुकानातला. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजे असू शकतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठ होते, रडणे क्षीण होते, अंग लुळे पडते आणि श्वासही थांबू शकतो.

वेळही पाहावी लागते. घरात नवे बाळ आले आहे, घर बदलले आहे, गान नुकतेच सुरू झाले आहे, मूल तापात आहे, अशा वेळी सोडवायला जाऊ नये. आणि गेल्या काही वर्षांत आपण सर्वांनी जे पाहिले त्याबद्दल काय सांगू? सायरन वाजला की मूल मोत्सेत्स घट्ट धरून ममादमध्ये येते. सोडलेला मोत्सेत्स अशा दिवसांत पुन्हा मागितला तर द्यावा. मोठी माणसेही त्या दिवसांत हातात तेहिलीम धरून बसतात. मुलाजवळ धरायला तेवढेच असते. दिवस शांत झाले की पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करावे.

शेवटची गोष्ट कटू आहे, पण आपल्या वयाच्या बाईनेच ती सांगायला हवी. बहुतेक घरांत मोत्सेत्स सुटत नाही तो आजीच्या घरी. आईबाप आठवडाभर रडे सोसतात, मूल सुटत येते, आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बातच्या जेवणाला आले की आजी स्वयंपाकघरात हळूच त्याच्या तोंडात मोत्सेत्स देते. "बिचारं रडत होतं गं." आठवड्याची मेहनत एका मिनिटात वाया जाते. मुलाला त्यातून एवढेच कळते की पुरेसे रडले की मिळते, आणि आईचा शब्द आजीकडे चालत नाही. नातवंडावरचे प्रेम सुनेच्या पाठीमागे दाखवायचे नसते. मत वेगळे असेल तर मूल झोपल्यावर तिच्याशी बोलावे. ठरवायचे ते आईबापांनी. टिपत हलावमध्ये अखोतला विचारायला तिच्यासोबत आपणही जावे. आपण जाऊन नुसते ऐकून आलो तरी घरातले निम्मे वाद मिटतात. आणि पुढच्या शुक्रवारी नातवंडे यायच्या आत सोफ्याच्या फटीतले, पर्समधले, कपाटातले मोत्सेत्स शोधून सुनेच्या हवाली करावेत.