चॅटबॉटचे साधन बदलताना



मोबाइलवर प्रश्न टाकला की आपोआप उत्तर देणारा चॅटबॉट आता आपल्याला नवा राहिलेला नाही. तो ज्या साधनावर बांधला आहे ते सोडून दुसरे घ्यावे, अशी चर्चा सध्या चालू आहे. संगणक विभाग म्हणतो, नवे चांगले. असेलही. माझा मुद्दा वेगळा आहे.

ही साधने परक्या कंपन्यांची. गूगलने २०१६ साली एपीआय.एआय कंपनी घेतली, २०१७ साली तिच्या साधनाचे नाव डायलॉगफ्लो केले, पुढे त्याचीच 'सीएक्स' ही निराळी आवृत्ती काढली. जुन्या 'ईएस'मध्ये प्रश्नाचा हेतू आणि मागचा संदर्भ जोडून बोलणे चालवायचे. सीएक्समध्ये प्रवाह आणि पाने मांडायची. त्यामुळे जुने उचलून नव्यात जसेच्या तसे बसत नाही. गूगल असिस्टंटवर बाहेरच्यांनी बांधलेली संभाषणे तर कंपनीने १३ जून २०२३ रोजी बंदच केली. तक्रार कुणाकडे करणार?

मग आपले म्हणून काय उरते? सभासदांचे प्रश्न. गट ऑफिसात "तोडणी कार्यक्रमातील माझा अनुक्रमांक सांगा" असे कोणी म्हणत नाही. "आमचा नंबर कवा?", "टोळी कुठवर आली?", "आडसालीला अजून तोड न्हाई व्हय?" असे विचारतात. या सगळ्यांचा रोख एकच, हे यंत्राला नमुना वाक्ये देऊन शिकवावे लागते. ती वाक्ये त्या साधनातच अडकली तर सारे पहिल्यापासून. म्हणून ती साध्या तक्त्यात कारखान्याकडे असावीत, आणि ती कारखान्याच्या मालकीची आहेत असे करारात लिहून घ्यावे. संचालक मंडळापुढे मी हेच मांडणार आहे.

उत्तरेही तपासल्याशिवाय हलवू नयेत. १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी २०२४-२५ हंगामात क्विंटलला ३४० रुपये होती, २०२५-२६ ला ३५५. जुने उत्तर नव्या यंत्रात गेले तर टनामागे १५० रुपयांचा घोळ, आणि शिव्या खाणार बिचारा चिटबॉय!

बदल करायचाच तर गाळप संपल्यावर, एका गटापासून, आणि जुने चालू ठेवून करावा. गट ऑफिसातला माणूस मात्र यंत्राच्या भरवशावर कमी करू नये. पायी येऊन विचारणारे सभासद अजून पुष्कळ आहेत.

तोवर प्रत्येक गट ऑफिसात एक वही ठेवली आहे. आपण ज्या शब्दांत विचारता त्याच शब्दांत प्रश्न तीत लिहावेत, शुद्धलेखनाची काळजी करू नये.

— ऊस विकास अधिकारी