टिंब वर का खाली?

फर्स्ट शिफ्ट सुटली आणि तसाच बारामतीत एका संगीताच्या क्लासला गेलो. अंगाला मळीचा वास. गुरुजींना म्हटलं, हलगी लिहायला शिकायचीय. गुरुजी हसले. म्हणाले, हलगीला नोटेशन नाही, म्हणून शास्त्र नाही. तो नुसता आवाज. ऊस गिळणाऱ्या रोलरपुढं आठ-आठ तास उभा राहणारा माणूस मी. नुसता आवाज कशाला म्हणतात ते मला विचारा! तिथं सुचलं नाही, ते इथं लिहितो.

मित्रांनो, ज्या खुणांच्या जोरावर हे लोक आपल्याला अडाणी ठरवतात, त्या काही ब्रह्मदेवाच्या तोंडातून पडलेल्या नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांचं त्यांचं वय. एक विष्णू नारायण भातखंडे, पेशानं वकील. दुसरे विष्णू दिगंबर पलुसकर, कुरुंदवाडचे, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे. दोघांनी आपापल्या खुणा केल्या. भातखंड्यांच्या वहीत सुराखाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार. पलुसकरांकडं वर टिंब म्हणजे मंद्र! तारेला उभी रेघ. सम एकाकडं फुलीनं, दुसऱ्याकडं एक आकड्यानं. दोन विष्णू, एकाच काळातले, आणि टिंब वर का खाली यावर एकमत नाही. टिंब म्हणजे चार माणसांनी आपसात केलेला करार. तो करण्याचा हक्क फक्त मांडी घालून बसणाऱ्यांनाच कुणी दिला?

भातखंडे उस्तादांच्या चिजा मिळवत देशभर हिंडले, 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्या आल्या. काम मोठं, नाकारत नाही. पण ती वही हलगीवाल्याच्या दारात आली नाही.

आणि आपल्याकडं लिहिण्याची रीत नव्हती असंही नाही. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर भीमगीतांच्या पुस्तिका मिळतात. गाण्याच्या डोक्यावर एक ओळ: 'चाल', आणि पुढं एखाद्या सिनेमाच्या गाण्याचं नाव. हेच आपलं नोटेशन. त्या ओळीवर रातोरात गाणं वस्तीत उभं राहतं. पेटी नको, क्लास नको. पण एक खोट आहे. ज्या गाण्याची चाल घेतली तेच लोक विसरले, की शब्द उरतात आणि चाल मरते. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. शब्द पुस्तकात आहेत. पुष्कळ चाली अजून गाणाऱ्यांच्या गळ्यातच, आणि ते गळे म्हातारे झाले.

साध्या अक्षरांनी काय होतं ते बघा. इंग्लंडात सारा ग्लोव्हर या बाईची पद्धत जॉन कर्वेननं १८४० नंतर वाढवली, टॉनिक सोल-फा. पाच रेघांचं लचांड नाही. सुरांची नुसती आद्याक्षरं, कुठल्याही छापखान्यात जुळतील अशी. मिशन शाळांनी ती प्रार्थनेसाठी आफ्रिकेत नेली. १८९७ साली एनॉक सोन्टोंगा या काळ्या शाळामास्तरानं त्याच अक्षरांत 'न्कोसी सिकेलेल' आफ्रिका' रचलं. आज ते दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीतात आहे.

आता आपलेच कार्यकर्ते ओरडतील: हलगी? गुलामीचं वाद्य? बाबासाहेबांनी १९२८ साली वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते कशासाठी? माझ्या पणज्यानं छप्पन्न साली हलगी नीरा डाव्या कालव्यात फेकली. बरोबर केलं. पाटलाच्या दारात फुकट वाजवावी लागायची. पण शेजारच्या मातंग वस्तीत ती वाजत राहिली आणि आपण त्यांनाच मागासलेले म्हणायला लागलो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला मात्र सुपारी त्यांनाच देतो, आणि वर पैशाची घासाघीस करतो. हे बामणी नाही तर काय?

इंदापूर तालुक्यातल्या अशाच एका वस्तीत सुट्टीच्या दिवशी मी एका तात्यांपुढं बसतो. चौकटीची वही. एक चौकट म्हणजे एक मात्रा. जाड टिपरूचा घाव उभी रेघ, बारीक काडीचा टिंब, कडेला मारलं तर टिंबाभोवती गोल, थांबलं तर चौकट मोकळी. कुस्तीच्या फडातला ठेका उतरवला, वाजवून दाखवला. तात्या म्हणाले, "पोरा, वाजतंय, पर चालत न्हाई."

चार दिवसांनी उजेड पडला. हलगीवाला बसून वाजवत नाही. तो चालतो, पैलवानांभोवती फिरतो. म्हणून चौकटींच्या खाली दुसरी ओळ केली, पावलांची: डावं, उजवं. ही ओळ भातखंड्यांकडं नाही, पलुसकरांकडंही नाही. कातडं जाळावर शेकलं की आवाज चढतो, तो कसा लिहायचा ते अजून जमलेलं नाही. मयताचा ठेका मात्र तात्यांनी लिहू दिला नाही. नाही लिहिला.

संपादकांना म्हणणं एवढंच: पुढच्या अंकात दोन पानं द्या. स्टेन्सिलवर रेघ न् टिंब काढायला टाइप लागत नाही, लोखंडी लेखणी पुरते. पानाच्या डोक्यावर वाजवणाऱ्याचं नाव, गाव, आणि ठेका कशाचा ते. उतरवणाऱ्याचं नाव खाली, बारीक. माझ्या खुणा पटत नसतील तर आपल्या करा, फक्त त्यांची यादी जोडा. आणि पान पाठवण्याआधी वाजवणाऱ्याला वाजवून दाखवा. त्यानं मान हलवली तरच पाठवा. माझं कुस्तीचं पान तीनदा फाडून झालंय. येत्या सुट्टीला परत इंदापूरला चाललोय.