रिपोर्टवर १ लिहिलंय की २, ते बघा

एचआयव्हीचा विषाणू एकाच जातीचा नाही. त्याचे १ आणि २ असे दोन मुख्य प्रकार आहेत. १ मध्येही पुन्हा ए, बी, सी असे पोटप्रकार आहेत. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत सी जास्त आढळतो, युरोप-अमेरिकेत बी. हा विषाणू भराभर वाढतो आणि वाढताना सतत रूप बदलतो. लस अजून हाती आलेली नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

पण घाबरू नका. पोटप्रकार कुठलाही असो, सरकारी एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्रातल्या, गोळ्या लागू पडतात. २००४ पासून त्या मोफत मिळतात.

रिपोर्ट हातात आला की त्यावर १ लिहिलंय, २ की दोन्ही, एवढं मात्र नक्की वाचा. कळलं नाही तर समुपदेशकांना विचारा, संकोच करू नका. २ हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, पण महाराष्ट्रात आणि गोव्यातही सापडलेला आहे. नेव्हिरापिन, इफाविरेन्झ ही जुनी औषधं त्याच्यावर चालत नाहीत. शिवाय रक्तात विषाणू किती आहे ते सांगणारी नेहमीची व्हायरल लोड तपासणी फक्त १ मोजते. तुम्हाला २ असेल आणि त्या कागदावर ‘विषाणू आढळला नाही’ असं आलं, तर बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

गोळी रोज, ठरल्या वेळी घ्या. चार दिवस घेतली, चार दिवस सोडली, की औषधाला न जुमानणारा विषाणू अंगात वाढतो. मग ते औषध तुमच्यासाठी गेलंच. तोच विषाणू जोडीदाराला लागला, तर त्यांच्यावरही ते चालत नाही.

ऊसतोडीला, बांधकामावर, गावी जाणार असाल तर निघण्याआधी एआरटी केंद्रात सांगा. जादा गोळ्या मागा, नाहीतर तिकडच्या केंद्रासाठी चिठ्ठी घ्या. उपचाराचं कार्ड पिशवीत ठेवा. कुणी पाहील म्हणून गोळ्या घरी ठेवून जाणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचंच नुकसान होतं. साध्या डबीत न्या, पण न्या. तुमच्या परवानगीवाचून तुमचा आजार कुणी चारचौघांत सांगू नये, असा २०१७ चा कायदा आहे.

घरात कुणी गरोदर असेल तर तिची तपासणी लगेच करून घ्या. तिला लागण असेल तर उपचार त्याच दिवशी सुरू करायला सांगा. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी होते, ती तारीख चुकवू नका. अडलं तर १०९७ वर फोन करा. पैसे लागत नाहीत.