बंदुकीवरची विजेरी

दिवाळीच्या सुमारास मालवणकडे भात पिकते आणि रानडुकरांपायी रात्रीची राखण सुरू होते. शेतीरक्षणाच्या बंदुकीचे परवानेवाले मला हटकून विचारतात, "नळीला विजेरी कोणती नि कशी बांधावी?"

उत्तर साधे आहे. विजेरी हलकी घ्यावी. जड असली की नळीचे तोंड खाली जाते. ती नळीखाली आवळावी. वर बांधल्यास उजेड नळीवर चमकून आपलेच डोळे दिपतात. झोत माशीच्या रेषेत आहे ना, हे रिकाम्या बंदुकीने भिंतीवर पाहून घ्यावे.

मात्र शोधासाठी दुसरी विजेरी हातात हवीच. नाहीतर जिकडे नजर, तिकडे नळी! गाईचे, कुत्र्याचे डोळे झोतात चकाकतात, कारण त्यांच्या डोळ्यांत आतून आरशासारखा पडदा असतो. डुकराला तो नाही. आणि वाचकहो, माणसालाही नाही! न चकाकणारी ती काळी आकृती शेजारचा राखणदारही असू शकेल.

शिकारीला १९७२ च्या कायद्याने लगाम घातला, १९९१ च्या दुरुस्तीने ती बंदच झाली. पीक नासणारे डुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. म्हणून मी सांगतो, आधी उजेड पाडा, हाळी द्या. डुक्कर पळाले तर भातही वाचले, काडतूसही.